हाताच्या अवजारांसाठी वर्कबेंच कसा बनवायचा? मापं, लाकूड, पकड आणि मोबाइलचा उपयोग

रंध्यातून कागदासारखी पातळ गुंडाळी निघताना दाखवणारे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. ते बघून बरेच जण रंधा, पटाशी आणि करवत ऑर्डर करतात. मग डायनिंग टेबलावर फळी ठेवून रंधा मारायला जातात, तर फळी पुढे पळते, टेबल हलतं, आणि पंधरा मिनिटांत अवजारं कपाटात जातात. दोष बहुतेक वेळा अवजारांचा नसतो आणि हातांचाही नसतो. फळीला धरून ठेवणारं तिथे काहीच नसतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि शनिवार-रविवारी हातानं लाकूडकाम करतो. या लेखात फ्लॅटमध्ये मावेल, घर बदलताना सुटा करून नेता येईल आणि ज्यावर खरंच काम होईल असा बेंच कसा बनवायचा ते आपण बघणार आहोत. तुमच्या खिशातला फोन यात दोन ठिकाणी उपयोगी पडतो, तेही सांगतो.

वर्कबेंच म्हणजे नेमकं काय?

दिसायला टेबल असला तरी वर्कबेंचचं काम वेगळं आहे. टेबल वस्तूचं वजन पेलतो. बेंचला तुमचा धक्का पेलायचा असतो. रंधा पुढे ढकलताना जोर आडवा लागतो, करवत ओढताना मागे-पुढे लागतो, आणि पटाशीवर हातोडा पडतो तेव्हा वरून खाली.

प्रत्येक फळीला तीन प्रकारच्या बाजू असतात:

१. रुंद बाजू: हिच्यावर रंधा मारून ती सपाट करायची असते.
२. कड: फळी उभी धरून तिची कड सरळ करायची असते.
३. टोक: इथे करवतीनं कापायचं असतं किंवा सांधा काढायचा असतो.

या तिन्ही बाजूंवर काम करताना फळी न हलता धरता आली, तर तो बेंच चांगला. कुठलाही महागडा बेंच विकत घेताना किंवा कुणाचं डिझाइन बघताना हीच परीक्षा लावा.

हा प्रश्न सुरक्षेचाही आहे. पटाशी वापरायचा पहिला नियम म्हणजे दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. एका हातानं लाकूड आणि दुसऱ्या हातानं पटाशी धरली, की लाकूड धरणारा हात बरोबर धारेसमोर येतो. पटाशी सटकली तर ती तिथेच जाणार. बेंचनं लाकूड धरलं की दोन्ही हात अवजारावर राहतात.

आपल्याकडचे सुतारकाका तर बेंचशिवायच काम करतात, असं तुम्ही म्हणाल. खरंय. जमिनीवर बसून पायाखाली फळी दाबतात आणि रंधा मारतात. त्यांच्या बाबतीत शरीराचं वजन आणि पाय हाच बेंच असतो. पण त्यामागे कित्येक वर्षांचा सराव आहे. नवख्यानं पायाजवळ धार आणून ते करू नये.

थोडा इतिहास

रोमन काळात बुटके, तिरप्या पायांचे बेंच होते. कारागीर कामावर चक्क बसायचा, म्हणजे शरीराच्या वजनानं लाकूड धरायची कल्पना तिथेही होती. जर्मनीतल्या सालबुर्ग या रोमन किल्ल्याच्या जागी असा एक बेंच सापडला आहे.

उभ्यानं काम करायच्या बेंचचे दोन नमुने आज सर्वांत जास्त बनवले जातात:

- रूबो बेंच: पॅरिसचा सुतार आंद्रे-जाकोब रूबो याच्या १७६९ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून हे नाव पडलं. जाड टॉप, जाड पाय, आणि पायांची पुढची बाजू टॉपच्या कडेशी एका पातळीत.
- निकोल्सन बेंच: पीटर निकोल्सन याच्या १८१२ च्या इंग्रजी पुस्तकामुळे ओळखला जातो. टॉप पातळ असतो, पण पुढे-मागे रुंद फळ्या उभ्या लावलेल्या असतात. त्यांच्यामुळे बेंच डुलत नाही. लाकूड कमी लागतं.

याचं सविस्तर वाचायचं असेल तर ख्रिस्तोफर श्वार्झ यांचं ‘द अनार्किस्ट्स वर्कबेंच’ हे २०२० चं पुस्तक बघा. प्रकाशकानं त्याची पीडीएफ मोफत दिली आहे.

मापं कशी ठरवायची?

उंची: सरळ उभे राहा, हात सैल सोडा. करंगळी तळहाताला जिथे जोडली जाते तिथपासून मनगटापर्यंत जी उंची येते, त्यामध्ये बेंचचा टॉप असावा. रंध्याचं काम जास्त असेल तर खालचं माप घ्या, कारण तेव्हा खांद्यापेक्षा शरीराचं वजन वापरता येतं. बारीक सांध्यांचं काम जास्त असेल तर वरचं. माझी उंची ५ फूट ८ इंच आहे आणि बेंच ३३ इंच.

लांबी: फ्लॅटसाठी ५ फूट पुरतात. ऑर्डर देण्याआधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजून घ्या.

रुंदी: १९-२० इंच भरपूर झाली. फार रुंद केला तर मागचा भाग सामान ठेवायची जागा बनतो.

जाडी: टॉप ३ इंच. जाडीमुळे वजन येतं, हातोड्याखाली टॉप दणकत नाही आणि पुढे सांगितलेला होल्डफास्ट नीट पकडतो.

लाकूड किती आणि कोणतं?

लाकडाच्या वखारीत भाव घनफुटावर असतो आणि जाडी सुतात सांगतात. १ इंच म्हणजे ८ सूत. घनफुटाचं सूत्र सोपं आहे:

लांबी (फूट) × रुंदी (इंच) × जाडी (इंच) ÷ १४४

आपल्या बेंचचा हिशोब असा:

- टॉप: ५ फूट × ३ इंच × १.५ इंच अशा १३ पट्ट्या = २.०३ घनफूट
- पाय: २.५ फूट × ३ इंच × ३ इंच असे ४ = ०.६३ घनफूट
- लांब आडव्या पट्ट्या: ४ फूट × ५ इंच × १.५ इंच अशा २ = ०.४२ घनफूट
- आखूड आडव्या पट्ट्या: १.५ फूट × ४ इंच × १.५ इंच अशा ४ = ०.२५ घनफूट

एकूण ३.३ घनफूट. कापण्यात आणि रंध्यात जाणारं धरून ४ घनफूट घ्या. हा हिशोब करून वखारीत गेलात तर बोलणंही सोपं होतं. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपुरात लकडगंज, मुंबईत रे रोड इथे लाकूड मिळतं. तिथेच पट्ट्या चिरून आणि मशीननं रंधून घ्या. मजुरी द्यावी लागते, पण कित्येक दिवसांचं काम वाचतं.

कोणतं लाकूड घ्यायचं, याचं उत्तर वजनात आहे. सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन साधारण १४. म्हणजे वरचा बेंच सागवानात सुमारे ६० किलोचा होईल आणि पाइनमध्ये सुमारे ४६ किलोचा. नवं सागवान बेंचसाठी घेणं म्हणजे चैन आहे. पाइन स्वस्त पडतं, हलकं असल्यानं मात्र खाली फळी टाकून त्यावर वाळूची पोती ठेवा. वजन कुठूनही आलं तरी रंध्याला फरक कळत नाही. बाभूळ जड आणि चिवट असते, पण नीट सुकलेली असेल तरच घ्या.

लाकूड सुकलंय का, हे कसं ओळखायचं? पट्ट्या घरात आणा, मध्ये काड्या घालून हवा खेळेल अशा रचा. एका पट्टीचं दर आठवड्याला वजन करून फोनमध्ये लिहून ठेवा. वजन कमी व्हायचं थांबलं की लाकूड घरातल्या हवेशी जुळलं. हे ऐन पावसाळ्यात करू नका. त्या हवेतली जास्तीची ओल लाकडात राहते आणि पुढे उन्हाळ्यात सांधे ढिले पडतात.

जुन्या लाकडातले खिळे फोननं शोधा

पाडलेल्या वाड्यांचं सागवान किंवा भंगारातला जुना टेबल मिळाला तर सोडू नका. ते लाकूड केव्हाच सुकलेलं असतं आणि थोड्या दुरुस्तीत उत्तम बेंच होतो. फक्त दोन गोष्टी आधी तपासा.

पहिली, कीड. बारीक भोकं असतील तर लाकूड आपटून बघा. ताजी पिवळसर पूड पडली तर कीड अजून आत आहे, असं लाकूड घरात आणू नका. टोकदार खिळा टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवीनं आतून पोखरलेलं असू शकतं.

दुसरी, लपलेले खिळे. एक तुटका खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. मशीनवर चिरताना तर तो कामगाराच्या जिवावर बेतू शकतो. इथे फोनचा मॅग्नेटोमीटर कामी येतो. कंपास चालतो तो याच सेन्सरवर.

१. मेटल डिटेक्टर किंवा मॅग्नेटोमीटरचं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या. चुंबकाचं कव्हर असेल तर काढा.
२. लाकडापासून दूर आकडा बघा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, तेवढ्यात काहीतरी दिसेल.
३. फोन एकाच दिशेत धरून लाकडाला लागूनच सावकाश सरकवा. फोन फिरवला तर आकडा उगाच बदलतो.
४. आकडा अचानक उसळला तिथे खडूनं खूण करा. बऱ्याच फोनमध्ये सेन्सर वरच्या भागात असतो, म्हणून एखाद्या सुट्या खिळ्यावर आधी प्रयोग करून तो कुठे आहे ते बघा.

मर्यादा लक्षात ठेवा. पितळेचे स्क्रू यात दिसत नाहीत आणि खूप खोलवरचा छोटा खिळा सुटू शकतो. काही स्वस्त फोनमध्ये हा सेन्सरच नसतो. अशा वेळी दोऱ्याला जोरदार चुंबक बांधून लाकडावरून फिरवा.

जुन्या टेबलात आणखी एक काम असतं, ते म्हणजे डुलणं थांबवणं. ढिल्या सांध्यांत नुसता गोंद ओतून उपयोग होत नाही. सांधा उघडा, जुना गोंद खरवडा, मग नव्यानं चिकटवा. पुढे आणि मागे निकोल्सनसारखी रुंद फळी लावली तर साधा टेबलही घट्ट होतो.

बांधणी: पाच पायऱ्या

१. टॉप चिकटवा. पट्ट्या ३ इंचाची बाजू उभी ठेवून एकमेकींना लावा. त्याआधी प्रत्येक पट्टीचे रेषे कुठल्या दिशेनं चढतात ते बघून बाण काढा आणि सगळे बाण एकाच दिशेला ठेवा. नाहीतर रंधा एका पट्टीवर गुळगुळीत चालेल आणि शेजारच्या पट्टीचे रेषे उपटेल. एकदम १३ पट्ट्या चिकटवायला जाऊ नका. तीन-चारच्या गटानं फेव्हिकॉलसारखा पीव्हीए गोंद लावून क्लॅम्प करा, एक दिवस ठेवा आणि नंतर गट जोडा. क्लॅम्प कमी असतील तरी यामुळे भागतं.

२. दोन बाजूच्या चौकटी करा. दोन पाय आणि दोन आखूड पट्ट्या मिळून एक चौकट. पट्टीच्या टोकाला जीभ आणि पायात तेवढंच चौकोनी भोक असा सांधा करा आणि तो कायमचा चिकटवा.

३. लांब पट्ट्या बोल्टनं लावा. या चिकटवायच्या नाहीत. १० मिमीचे बोल्ट पायातून पट्टीच्या टोकात जातात आणि नट पट्टीत पाडलेल्या खाचेत बसतो. घर बदलताना चार बोल्ट काढले की बेंच सुटा होतो. रंध्याचा धक्का लांबीच्या दिशेनं असतो, म्हणून या पट्ट्या रुंद हव्यात. पावसाळा संपला की बोल्ट पुन्हा आवळा.

४. टॉप बसवा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. म्हणून टॉप खालून बोल्टनं धरताना मागच्या बाजूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट ठेवा. पुढची साधी ठेवा. मग टॉप मागच्या बाजूला मोकळा सरकतो आणि फाटत नाही.

५. पुढची बाजू एका पातळीत आणा. पुढचे पाय, लांब पट्टी आणि टॉपची कड एका सपाटीत असली की लांब फळी उभी टेकवून तिची कड रंधता येते. पाय आत सरकलेल्या टेबलावर हे काम जवळपास अशक्य असतं.

पकड: बेंचचा खरा जीव

बजेट कमी असेल तर व्हाइसच्या आधी या साध्या गोष्टी करा.

- स्टॉप: टॉपच्या डाव्या टोकाजवळ चौकोनी भोक पाडून त्यात घट्ट बसणारा लाकडी ठोकळा. वरून-खालून ठोकून उंची बदलते. रंधताना फळी याला टेकते. हे माप उजव्या हातानं काम करणाऱ्यांचं आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलटी घ्यावी.
- होल्डफास्ट: उलट्या ‘एल’सारखा लोखंडी आकडा. भोकात घालून डोक्यावर हातोडा मारला की दांडा तिरपा होऊन अडकतो आणि फळी दाबून धरतो. मागून टोला मारला की सुटतो. यासाठी टॉपमध्ये १९ मिमीची सरळ भोकं पाडा. दांडा भोकापेक्षा किंचित बारीक हवा. लोहाराकडून बनवून घेता येतो. गुळगुळीत दांडा सटकत असेल तर त्यावर आडवा जाड पॉलिश पेपर घासा.
- खाच असलेली फळी: पातळ फळीच्या टोकाला ‘व्ही’ आकाराची ९० अंशांची खाच कापा. कामाच्या फळीचा मागचा कोपरा त्या खाचेत अडकवा आणि ही फळी होल्डफास्टनं दाबा. आता आडवा रंधा मारला तरी काम फिरत नाही.
- बेंच हुक: एका फळीला खालून पुढे आणि वरून मागे एकेक पट्टी लावा. खालची पट्टी बेंचच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवतीनं कापायचं.

एवढ्यावर रुंद बाजू आणि कापणं ही कामं होतात. पुढच्या पायांतही होल्डफास्टची भोकं पाडलीत तर लांब फळीची कडही धरता येते.

टोकाच्या सांध्यांसाठी मात्र व्हाइस हवा. जुन्या बाजारात लाकूडकामाचा लोखंडी व्हाइस मिळाला तर उत्तम. फिटरचा दातेरी व्हाइस घेऊ नका, तो लाकडाला चावतो. व्हाइसचा आतला जबडा बेंचच्या कडेशी सपाट बसवा आणि दोन्ही जबड्यांना लाकडी पट्ट्या लावा. एका बाजूला काम पकडताना दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवा, म्हणजे जबडा तिरका होत नाही.

टॉप सपाट करणं आणि फोनची लेव्हल

टॉपला पीळ असेल तर त्यावर रंधलेल्या फळीलाही पीळ येतो. तपासायला फोनमधलं लेव्हल अ‍ॅप चालतं, पण पद्धत महत्त्वाची. कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यानं फोन पाठीवर ठेवू नका. बेंचवर रुंदीच्या दिशेनं एक सरळ पट्टी ठेवा, त्यावर फोन लांब कडेवर उभा करा आणि अंश वाचा. मग तीच पट्टी आणि तोच फोन, न फिरवता, दुसऱ्या टोकाला ठेवून वाचा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पीळ. फरशी उतरती असली किंवा फोनचा सेन्सर थोडा चुकत असला तरी चालतं, कारण तीच चूक दोन्ही आकड्यांत येते आणि वजाबाकीत निघून जाते.

हे किती अचूक आहे? ५०० मिमी रुंदीवर ०.१ अंश म्हणजे सुमारे ०.९ मिमी. त्यामुळे सुरुवातीच्या कामाला फोन ठीक आहे. शेवटच्या बारीक कामासाठी जुनी युक्ती वापरा. सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवा, खाली वाकून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या की पीळ गेला. कॅमेऱ्यातून लांबी मोजणारी अ‍ॅप्स मात्र सांध्याच्या मापासाठी वापरू नका. त्यासाठी स्टीलची पट्टी आणि गुण्या हवा.

रंधताना आधी आडवे फटके, मग तिरपे, शेवटी लांबीत. स्टॉप खाली ठोकून ठेवायला विसरू नका.

तेल आणि एक महत्त्वाची सूचना

टॉपवर चकचकीत पॉलिश नको, काम घसरतं. अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसा. पण त्या तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. फ्लॅटमध्ये तर हे पाळलंच पाहिजे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेंचच नाही, मग बेंच कशावर बनवायचा?
दोन मजबूत स्टुलांवर. वखारीतून पट्ट्या रंधून आणल्या तर जड काम उरत नाही. आधी टॉप चिकटवा, तोच स्टुलांवर ठेवा आणि त्यावर पाय बनवा.

प्लायचा टॉप चालेल का?
चालेल. १८ मिमी प्लायच्या ८ × ४ फुटी शीटचे ४ × २ फुटांचे चार तुकडे होतात. एकावर एक चिकटवले की ७२ मिमीचा टॉप मिळतो. तो हवामानानं फारसा बदलत नाही. पण झिजल्यावर रंधून पुन्हा सपाट करता येत नाही, कारण वरचा थर पातळ असतो.

शेजाऱ्यांना त्रास होईल का?
रंधा आणि करवत फार आवाज करत नाहीत. पटाशीवरचे टोले मात्र खालच्या मजल्यावर ऐकू जातात. पायांखाली जाड रबर ठेवा आणि टोल्यांचं काम बेंचच्या पायाच्या बरोबर वर करा. दुपारी एक ते चार टोले बंद, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

६० किलोचा बेंच स्लॅबला चालतो का?
हे एका माणसाचं वजन झालं. भरलेलं पुस्तकांचं कपाट याहून जड असतं.

पैसे आधी कशावर घालावेत?
एक चांगला रंधा, दोन पटाश्या, एक करवत, गुण्या आणि धार लावायचा दगड, एवढ्यावर थांबा. उरलेले पैसे बेंचच्या लाकडात घाला. साधा रंधा घट्ट बेंचवर छान चालतो, पण महागडा रंधा हलत्या टेबलावर चालत नाही.

या शनिवारी एवढंच करा: करंगळीपासून मनगटापर्यंतची उंची मोजा, लिफ्ट मोजा आणि घनफुटाचा हिशोब फोनमध्ये टाकून वखारीत एक चक्कर मारा.